राहणारी प्लेट, विरघळणारी प्लेट

बाय, तुला ओरल सर्जरीला जागा मिळाल्याचं तुझ्या बापाने मोऱ्याच्या निम्म्या बाजाराला सांगून झालंय. पेढे नंतर दे, आधी आत्याचं ऐक. मी थिएटरची सिस्टर म्हणून नोकरी काढली. चाकू माझ्या हातात राहिला नाही, पण तो ज्यांच्या हातात दिला त्यांनी कुठल्या जबड्याला कुठली प्लेट मागितली आणि ती माणसं पुढे कशाकशाला परत आली, हे टेबलाच्या या बाजूने खूप पाहिलं. तुझे सर तुला पुस्तकं देतील. मी त्यातलं सांगत बसणार नाही.

पहिल्याच पोस्टिंगला कोणीतरी तुझ्यापुढे हात जोडेल, ‘मॅडम, ती आपोआप विरघळणारी प्लेट टाका, धातू नको.’ मोबाईलवर बघून आलेला असेल. त्याला लगेच हो म्हणू नकोस, हसूही नकोस. आधी स्वतःला विचार, या हाडाला किती जोराने आणि किती दिवस धरून ठेवायचंय, आणि नंतर हा माणूस आपल्याला पुन्हा दिसणार आहे का. प्लेटचं नाव त्यानंतर.

आपल्या भागातला जबडा कसा मोडतो तेही ध्यानात ठेव. १९८९ला न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं तेव्हापासून करळ, दास्तान, गव्हाण या फाट्यांवर कंटेनरचे ट्रेलर आणि आपली बाईकवाली पोरं एकाच रस्त्यावर आहेत. २०२४ला अटल सेतू झाला, पण त्यावर दुचाकीला बंदी, म्हणजे पोरांना रस्ता तोच. हेल्मेट घातलंच तर अर्ध्या तोंडाचं. हनुवटी उघडी ती उघडीच. पोरगं पुढे फेकलं जातं, हनुवटी डांबरावर आपटते, कोणीतरी दवाखान्यात चार टाके घालून घरी पाठवतो. आठ दिवसांनी तक्रार येते की तोंड उघडत नाही, दात जुळत नाहीत. हनुवटीवर बसलेला मार वर सांध्यापर्यंत जातो आणि कानापुढचं जबड्याचं टोक मोडतं, कधी दोन्ही बाजूंचं. म्हणून हनुवटीला टाके दिसले की दोन्ही कानांपुढे बोटं ठेवायची आणि पेशंटला तोंड उघड-मीट करायला लावायचं. फोटो त्यानंतर. बोटीवरची माणसं वेगळी मोडून येतात. विंचचा दोर सुटून गालावर बसतो, गालाचं हाड आत जातं, डोळ्याखाली मुंग्या येतात, एकाचे दोन दिसतात.

मी नोकरीला लागले तेव्हा मोडलेला जबडा बहुतेक तारांनीच बांधून ठेवत. वरचे-खालचे दात आर्च बारला तारेने आवळायचे आणि काही आठवडे माणूस बंद तोंडाने. खाटेच्या डोक्याशी तार कापायची कात्री चिकटपट्टीने लावलेली असायची, कारण रात्री उलटी झाली आणि तोंड उघडलं नाही तर माणूस गुदमरतो. ती सवय आजही सोडू नकोस. तारा असोत की रबर, कात्री खाटेलाच हवी. ड्रेसिंग रूमच्या कपाटात असून उपयोग नाही. फ्रान्समध्ये बोर्दोच्या मिशेले यांनी १९७३ला आणि स्ट्रासबुर्गच्या शांपी यांनी १९७८ला लहान प्लेटांची वाट दाखवली. तोंडाच्या आतूनच चीर द्यायची, बाहेर व्रण नाही, बारीक प्लेट, छोटे स्क्रू. जबडा चावताना कुठे ताणला जातो ती रेघ शांपींनी आखून दिली, प्लेट त्या रेघेवर बसवायची. अक्कलदाढेच्या मागच्या कोपऱ्याला एक पुरते. पुढे सुळ्यांच्या मध्ये जबडा पिळला जातो, तिथे दोन लागतात. तुला हे परीक्षेत विचारतील. मी सांगते ते एवढ्यासाठी की जोर कुठे येतो हे एकदा कळलं की धातू की विरघळणारं, हा प्रश्न निम्मा सुटतो.

करंज्याला होडीच्या फळ्या सांधताना सुतार शिकंजा लावतो तशी ही प्लेट. सांधा धरेपर्यंत तिचं काम, पुढे ती नुसती तिथे असते. खालच्या जबड्याला साधारण सहा आठवडे लागतात, पोरांना निम्मे. विरघळणारीची सगळी कल्पनाच यातून निघाली. काम सहा आठवड्यांचं, मग जन्मभर धातू कशाला? बरोबर आहे. फक्त ते सहा आठवडे तिला निभावता आले पाहिजेत.

टायटॅनियमबद्दल घरोघरी नाना समजुती आहेत. गंजतं का? नाही. हवा लागताच त्याच्यावर ऑक्साइडचा पातळ थर बसतो, मग खारं पाणी असो की रक्त, त्याला फरक पडत नाही. स्वीडनच्या ब्रोनेमार्कांना १९५२मध्ये सशाच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा तुकडा काढता येईना, इतकं हाड त्याला चिकटलं होतं. दातांची इम्प्लांट तिथून आली. आपल्या कोकणाला हा धातू तसा परका नाही. रत्नागिरीजवळ काळबादेवीच्या किनाऱ्यावर काळी वाळू दिसते, तिच्यात इल्मेनाइट असतं, आणि टायटॅनियम त्यातूनच काढतात. पेशंटला हे सांगितलं की निम्मी भीती जाते, मी करून पाहिलंय. एमआरआय चालतो, फक्त प्लेटच्या आसपासचं चित्र थोडं बिघडतं, म्हणून आधी सांगायचं. विमानतळावर एवढ्याशा प्लेटने सहसा काही वाजत नाही. वीज अंगावर येईल का, असं विचारणारेही भेटतील. त्यांना नाही म्हण आणि पुढे चल.

खऱ्या तक्रारी वेगळ्या. डोळ्याच्या कडेला, कपाळाला कातडी पातळ असते, तिथे प्लेट बोटाला लागते. गार वाऱ्यात तिथे कळ येते असं काही जण सांगतात. आपल्या उरणात थंडी ती कसली, पण पहाटे मोऱ्याच्या धक्क्यावर उभं राहणाऱ्याला ती जाणवते. ‘मनाचे खेळ’ म्हणून त्याला वाटेला लावू नकोस. खालच्या जबड्यात त्रास होतो तो पुवाचा. स्क्रू सैल होतो, हिरडी उघडते, प्लेट तोंडात दिसायला लागते. मग ती काढावी लागते, म्हणजे पुन्हा भूल, पुन्हा रजा. त्रास नसेल तर मोठ्या माणसाची टायटॅनियम प्लेट काढायच्या भानगडीत पडायचं नाही.

आता विरघळणारी. ही लॅक्टिक आम्लाच्या साखळ्यांपासून करतात, काहींत ग्लायकोलिक आम्ल मिसळतात. अंगातल्या पाण्याने साखळ्या तुटत जातात, उरलेलं लॅक्टिक आम्ल शरीर नेहमीसारखं जाळून टाकतं, शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. ऐकायला छान. पण हॉलंडमध्ये ग्रोनिंगेनच्या डॉक्टरांनी १९८७मध्ये गालाची हाडं मोडलेल्या दहा जणांवर नुसत्या पॉलीलॅक्टाइडच्या प्लेटा वापरून दाखवल्या. हाडं उत्तम जुळली, सगळे खूश. तीन वर्षं उलटल्यावर त्यांतले काही गालावर सूज घेऊन परत आले. प्लेट गेली नव्हती, तिचे बारीक कण झाले होते आणि शरीर त्यांच्याशी झगडत होतं. त्याच लोकांनी ते पुढे छापूनही आणलं, याचं मला फार कौतुक आहे. त्यानंतर मिश्रणं बदलली. अमेरिकेत १९९६ला मंजूर झालेली लॅक्टोसॉर्ब साधारण वर्षभरात जाते. काही प्लेटांना दोन-तीन वर्षं लागतात. म्हणून खोक्यावर ‘विरघळणारी’ वाचून थांबायचं नाही. ताकद किती आठवडे टिकते आणि सगळी जायला किती महिने लागतात, हे दोन वेगळे आकडे माहितीपत्रकात असतात. दोन्ही वाचल्याशिवाय पेशंटला तारीख सांगू नकोस.

आणि ही प्लेट घातलेल्या प्रत्येकाला निघताना सांगायचं की वर्षाने, दोन वर्षांनी तिथे सूज आली तर मेडिकलमधून गोळ्या घेऊन दाबायची नाही, इथे यायचं. असली सूज कित्येकदा जंतूंची नसते. अँटिबायोटिकचे तीन कोर्स होतात, सूज तिथेच, आणि चौथ्या डॉक्टरला आत कधीकाळी प्लेट होती याचा पत्ताच नसतो. साध्या एक्स-रेत ती दिसत नाही ना! स्क्रूची भोकं तेवढी काही महिने दिसतात.

थिएटरमधली गोष्ट मात्र लक्ष देऊन ऐक, ही तुला कोणी शिकवणार नाही. टायटॅनियमचा ट्रे ऑटोक्लेव्हमधून कितीदाही काढा, तो तसाच. विरघळणारी प्लेट ऑटोक्लेव्हमध्ये गेली की संपली, उष्णता आणि वाफ हीच तिची वैरी. ती पाकिटात निर्जंतुक होऊनच येते, एकदाच वापरायची. पाकिटावर लिहिलेल्या तापमानातच ठेवायची. आपल्या किनाऱ्याच्या दमट हवेत आतलं फॉइल फोडून ‘लागली तर लागली’ म्हणून ट्रॉलीवर ठेवणारे मी पाहिलेत. फोडलं की बिल पेशंटवर. म्हणून हाड उघडून, जुळवून, माप घेऊन झाल्यावरच फॉइल फोड म्हणायचं. एक्स्पायरी तू स्वतः वाच. सिस्टरने वाचली असली तरी वाच.

वाकवायची पद्धतही निराळी. टायटॅनियम पक्कडीने वाकवतात. ही गार असताना वाकवली तर तडकते. निर्जंतुक पाण्याच्या भांड्यात गरम करावी लागते, कंपनीप्रमाणे पंचावन्न ते सत्तर अंश, आणि मऊ झाली की हाडावर धरून आकार द्यायला मोजके सेकंद मिळतात. तेवढ्यात कोणी फोनबद्दल विचारलं तर उत्तर द्यायचं नाही. टायटॅनियमचा स्क्रू बहुतेक वेळा स्वतःच आटे पाडत आत जातो. याला आधी ड्रिल, मग टॅपने हाताने आटे, मग स्क्रू. टॅप वाकडा गेला की स्क्रूचं डोकं पिळून तुटतं, अंग आत राहतं. तुटलं तर घाबरू नकोस, त्यातूनच पुन्हा ड्रिल करता येतं, हा तिचा एक गुण. काही कंपन्यांची पिन अल्ट्रासाउंडने वितळवून भोकात बसवतात, तिथे टॅप लागत नाही, पण ते यंत्र आणावं लागतं.

हॉलंडमधल्या चार रुग्णालयांनी २३० पेशंट घेऊन दोन्हींची तुलना केली, ती २०१२मध्ये छापून आली. विरघळणारी प्लेट ज्यांच्या वाट्याला आली त्या ११७ जणांपैकी २५ जणांना टेबलावरच टायटॅनियम लावावं लागलं. स्क्रू धरेना, प्लेट बसेना, हाड हलतंय, अशी कारणं. सरावलेल्या हातांनी ही गत. त्यावरून एक नेम बांध. यादीत विरघळणारी प्लेट लिहिली असली तरी टायटॅनियमचा ट्रे निर्जंतुक होऊन थिएटरमध्ये हजर असला पाहिजे, आणि संमतीपत्रात ‘गरज पडल्यास टायटॅनियम’ असं मराठीत लिहून नातेवाइकांना वाचून दाखवलेलं असलं पाहिजे. भूल दिलेल्या माणसाला मध्येच विचारता येत नाही.

मग ती वापरायची कुठे? पोरांच्या कवटीत, हे पहिलं. जन्मतःच कवटीचे सांधे मिटलेलं मूल शस्त्रक्रियेला येतं, त्याची कवटी अजून वाढायची असते. हाड बाहेरून चढतं आणि आतून झिजतं, तसतसा वर लावलेला धातू आत सरकत जातो. तिथे विरघळणारी घातली तर ती माझ्या मते खर्चाला लायक. मोठ्यांत वरचा जबडा पुढे-मागे सरकवण्याची ऑपरेशनं, गालाचं साधं फ्रॅक्चर, डोळ्याच्या खोबणीतलं लहान भोक, जिथे जोर कमी आहे तिथेही चालते. लहान पोराचा खालचा जबडा मोडला तर मात्र दोन्हींच्या आधी स्प्लिंटचा विचार कर. दुधाच्या दातांखाली पक्क्या दातांचे कोंब बसलेले असतात, स्क्रू कुठलाही असला तरी कोंबाला भोक पाडायचं काम सारखंच करतो. आणि पोरांचं हाड इतकं लवकर जुळतं की प्लेट हवीच होती का, असं नंतर वाटतं.

खालचा जबडा, कामकरी माणूस, दोन ठिकाणी मोडलेलं, तुकडे झालेले किंवा आधीच पू झालेला असेल, तर टायटॅनियम. यात मला शंका नाही. टाटामध्ये कर्करोगासाठी जबड्याचा भाग काढतात, पायातलं हाड आणून बसवतात, तिथे तर जाड पट्टीच लागते. असल्या जागी विरघळणारीचं नावही काढू नये. उलट विरघळणारी म्हटली की नाक मुरडणारे सीनियर भेटतील, ‘आम्ही नाही वापरत’ म्हणतील. त्यांनी पोराच्या कवटीचं काम किती केलंय ते हळूच विचारून घे, तोंडावर नको.

पैशाचं आधी बोल. टायटॅनियमच्या प्लेटा आपल्याकडे बनतात, त्यामुळे आवाक्यात आहेत. विरघळणाऱ्या बहुतेक बाहेरून येतात, कितीतरी पट महाग. घरातल्या बाईने गंठण सोनाराकडे ठेवून आणलेले पैसे असतात, आणि ते कुठल्या गरजेसाठी ते तिला कोणी समजावलेलं नसतं. महात्मा फुले योजनेत हे ऑपरेशन बसतं का आणि त्यात कुठली प्लेट मिळते, हे ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आरोग्यमित्राला विचार. दुपारी जेवणाच्या आधी गाठलास तर तो भेटतो.

माणूस परत येणार का, हे मी वर म्हटलं ते आपल्या लोकांसाठी फार महत्त्वाचं. पूर्वी उरणहून मुंबईच्या दवाखान्यात तपासणीला जायचं म्हणजे मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याची लाँच, आणि मोठ्या ओहोटीला तीही बंद. आता जानेवारी २०२४पासून लोकल उरणपर्यंत आली, तरी ट्रॉलरवर गेलेला नाखवा दहा-पंधरा दिवस किनाऱ्याला लागत नाही. त्याला ‘तीन आठवड्यांनी या’ म्हणण्यात अर्थ नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, सगळी माणसं घरी असतात. प्लेट काढायची असेल, दात लावायचे असतील, उशिराची तपासणी असेल, तर तारीख त्या बंदीत दे. येतात. नारळी पौर्णिमा झाली की विसरा.

जेवणाचा कागद छापील देतात, त्यात ज्यूस आणि सूप असतं. आपल्या घरात समजेल असं सांग. तांदळाची पेज, नाचणीची आंबील, कालवणाचं पाणी गाळून, काटा एकही नको. भाकरी दुधात कुस्करली तरी सहा आठवडे नाही. प्लेट आहे म्हणून चावून बघणारे असतात, दुखत नाही म्हणून चावतात, आणि विरघळणारीवर हा प्रयोग केला की तिचा स्क्रू सुटतो. दात घासायला लहान पोराचा मऊ ब्रश.

आणि मशेरी. तंबाखू खाता का विचारलं तर आपल्या बायका नाही म्हणतात, खोटं बोलत नाहीत, मशेरीला त्या तंबाखू मानतच नाहीत. ‘दात कशाने घासता?’ असं विचार, नवरा-सासू बाहेर असताना विचार. टाक्यांवर रोज सकाळी मशेरी चोळली तर हिरडी भरत नाही आणि प्लेट उघडी पडते. बाप्यांना गुटख्याचं थेट विचारलं तरी चालतं.

प्लेटच्या आणि स्क्रूच्या पाकिटावर चिकटपट्ट्या असतात, कंपनी आणि बॅच नंबर लिहिलेल्या. एक केस पेपरवर, एक डिस्चार्ज कार्डावर. कार्ड पावसाळ्यात भिजून जातं, म्हणून नातेवाइकाच्या मोबाईलमध्ये फोटो काढून दे. दहा वर्षांनी कोणी डॉक्टर ती प्लेट काढायला बसला तर कुठला स्क्रू-ड्रायव्हर मागवायचा हे त्याला त्यावरूनच कळेल. कंपनी बदलली की खाच बदलते.

जाऊन पहिल्या दिवशी थिएटरच्या सिस्टरशी ओळख करून घे, तिला ताई म्हण, आणि ट्रे लावताना तिच्याबरोबर उभी राहा. सहा मिलिमीटरचा स्क्रू हातमोज्याला चिकटून कुठे जातो ते दिसत नाही. शिवायच्या आधी तू मोजायचे, तिने मोजायचे, आकडा जुळला पाहिजे. एक कमी भरला तर आधी गालाची घडी आणि घसा बघायचा, मग कापडं झटकायची, मग सक्शनची बाटली गाळायची. तोपर्यंत भूलतज्ज्ञाला सांगून नळी तशीच ठेवायची, सर कितीही घाईत असले तरी.